आमच्या घरातल्या भाग्यवान बायका

आमच्या घराण्यातल्या बायका भाग्यवान असतात. त्या नवऱ्याआधी जातात. हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू, भरलेली ओटी. तीन पिढ्यांत आमच्याकडची एकही सून विधवा झाली नाही, हे माझे वडील नव्या पाहुण्याला पहिल्या कॉफीबरोबरच सांगत. पाहुणा मान डोलवी. त्या गेल्या तेव्हा किती वर्षांच्या होत्या, हे कोणी विचारत नसे.

पणजी एक्कावन्न. आजी सत्तेचाळीस. आई त्रेपन्न.

सवाष्ण जायला बाईला दोनच गोष्टी लागतात: ठणठणीत नवरा आणि स्वतःचं लवकर मरण. आमच्याकडे दोन्हींची सोय होती.

आम्ही तंजावरकडचे मराठी. राजांबरोबर दक्षिणेत आलो, असं म्हणतात. आमची वंशावळ माझ्या भावाच्या, अण्णाच्या, मैलापूरच्या घरात काचेच्या चौकटीत टांगलेली आहे. तिच्यात मूळ पुरुषाला ‘सरदार’ म्हटलंय. मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, जुने कागद बऱ्यापैकी पाहिलेत. माझ्या अंदाजाने तो घोड्यांच्या चाऱ्यावरचा कारकून असावा. चाराही लागतोच म्हणा.

पितृपक्षातल्या अविधवा नवमीला, म्हणजे सवाष्ण गेलेल्या बायकांच्या तिथीला, अण्णाकडे मोठा थाट असतो. एका जिवंत सवाष्णीला बोलावून गेलेल्यांच्या नावाने जेवू घालतात, ओटी भरतात. नवरा वारल्यावर ही नवमी बंद करता येते, असं काही भटजी सांगतात. आमच्याकडे तिन्ही नवरे जाऊन जमाना झाला, पण नवमी बंद झाली नाही. असली गोष्ट मिरवायची सोडून कोण देतो?

हे सगळं आधी सांगितलं, कारण माझा आजार मला डॉक्टरांनी नंतर समजावला. नवमीला तो आधीपासून ठाऊक होता.

*

सुरुवात परकराच्या नाडीने झाली. ती पुरेनाशी झाली. दोन महिने मी नाडीला दोष दिला, मग वयाला, मग सांबाराला. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. गॅसच्या गोळ्या झाल्या, आलं-लिंबू झालं. मी सत्तावन्न वर्षांची आहे. या वयात बाईचं पोट सुटलं तर त्यात बातमी काय?

सोनोग्राफी करणारा तरुण डॉक्टर गप्पिष्ट होता. वेलचेरीत गेल्या पावसाळ्यात पाणी कुठवर चढलं, तुमचं पार्किंग बुडलं का, असं तमिळमध्ये विचारत यंत्र फिरवत होता. मग तो बोलायचा थांबला. ज्यांना पुढे या खाटेवर झोपायचंय त्यांच्यासाठी लिहिते: निदानाचा दिवस म्हणजे मोठा डॉक्टर बोलतो तो नव्हे. यंत्र धरलेला माणूस गप्प होतो, तोच.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर पन्नाशीच्या, भरभर बोलणाऱ्या. “डाव्या अंडाशयात गाठ आहे. साधी वाटत नाही. काढायची.”

“किती टक्के शक्यता?” माझ्या नवऱ्याने विचारलं.

“उघडल्यावर शंभर टक्के सांगते.”

माझा नवरा प्रमोद मूळचा साताऱ्याचा. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासतो. भाग नापास झाला तर पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं, अशी त्यांच्यात पद्धत आहे. त्या दिवशी गाडीत बसल्यावर चावी न फिरवताच त्याने पहिला ‘का’ विचारला. तिसऱ्या ‘का’ला तो मी पालेभाजी कमी खाते इथवर पोचला. चौथ्याला रडायला लागला. तीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मला काय करावं कळेना, म्हणून मी त्याला पार्किंगची चिठ्ठी शोधायला सांगितली.

*

हॉस्पिटलात सकाळी पाचला फिनेलचा वास येतो, सव्वापाचला रक्तदाब, साडेपाचला वजन. मी कविता, तत्त्वज्ञान, मरणावरचं पुष्कळ वाचलेलं आहे. त्यातलं काहीही त्या आठ दिवसांत आठवलं नाही. गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, आतली चरबी, सगळं काढून झाल्यावर आख्ख्या मजल्याला एकाच गोष्टीची उत्सुकता होती: माझ्या पोटातून वारा सरला का? नर्स विचारायच्या. शिकाऊ डॉक्टर विचारायचे. प्रमोद फोनवरून विचारायचा. चौथ्या दिवशी तो सरला तेव्हा केरळच्या नर्सने टाळी वाजवली. आयुष्यात मला मिळालेला हा सर्वांत निखळ सन्मान.

भीती मात्र रात्री नाही, दुपारी चारला यायची. भेटायला आलेले लोक उठायचे, पिशव्या उचलायचे, लिफ्टपाशी जाऊन त्यांचा आवाज मोकळा व्हायचा. ते घरी जाऊ शकतात, एवढंच कारण पुरायचं.

तपासणीचा अहवाल आला. जात वाईट, पटकन वाढणारी. टप्पा पहिला, पण पोट धुतलेल्या पाण्यात काही पेशी सापडलेल्या, म्हणून सहा केमो. “लवकर सापडलं” हे वाक्य मी त्यानंतर इतक्या जणांकडून ऐकलं, की काहीतरी परीक्षा पास झाल्यासारखं वाटायला लागलं. वहिनीने तर पेढे आणले.

डॉक्टर पेढा न घेता म्हणाल्या, “टप्पा म्हणजे तो कुठवर पोचला. त्याचा स्वभाव कसा आहे हे जनुकांवरून कळतं. गाठीची तपासणी करू आणि तुमच्या रक्ताचीही. घरात आणखी कुणाला झालं होतं?”

“नाही,” अण्णा ठामपणे म्हणाला. “आमच्याकडे असलं काही नाही.”

*

आनुवंशिकता समजावणाऱ्या बाई असतात, हे मला ठाऊक नव्हतं. ही मुलगी तिशीची असेल. तिने कोरा कागद पुढे ओढला. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. कुणाला काय झालं, कोण कशाने गेलं, मागच्या तीन पिढ्या सांगा.

तीन पिढ्या? अण्णाची छाती फुगली. दुसऱ्या खेपेला तो चौकटीसकट वंशावळ घेऊन आला. जुन्या धोतरात गुंडाळलेली, मैलापूरहून रिक्षाने, मांडीवर धरून. अकरा पिढ्या. मुलीने ती आदराने पाहिली. मग म्हणाली, “सर, यात बायका कुठायत?”

अण्णाने चष्मा लावला. वाकून पाहिलं. मीही पाहिलं, लहानपणापासून शंभरदा पाहिलेली ती चौकट. अकरा पिढ्या आणि एकही बाई नाही. एकाच्या पोटी दुसरा, दुसऱ्याच्या पोटी तिसरा, असे सगळे पुरुषच पुरुषांना झालेले.

“बायकांची नावं आत्याला माहीत,” अण्णा पुटपुटला.

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची बहीण. शहाऐंशीची. ऐन तिशीत विधवा होऊन माहेरी परतली, आता अण्णाकडे असते. घरात तिला ‘बिचारी’ म्हणायची पद्धत आहे. नवमीच्या दिवशी ती मागच्या खोलीत बसते; वाईट वाटून घेत नाही, निदान तसं दाखवत नाही. मी तिला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“आत्या, पणजी कशाने गेली?”

“सवाष्ण गेली.”

“ते माहीत आहे. झालं काय होतं?”

“पोट फुगलं. वैद्यानं पाणी काढिलं. पुन्हा फुगलं.”

“आणि आजी?”

“माझी आई? तिचंही पोटच. बाळंतपण आहे असं शेजारणी बोलिल्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी कसलं बाळंतपण ते.” मग म्हणाली, “तुझी आई तशीच की, सरोजा. तू तेव्हां परीक्षेला बसली होतीस, तुला जास्त सांगिलं नाही.”

मला ‘पोटाचा विकार’ एवढंच सांगितलं होतं. मी चाळीस वर्षं तेवढ्यावर समाधानी राहिले. आणि माहिती शोधून देणं हा माझा पेशा.

मुलीने तीन वर्तुळं काढली. पण तिला कोडं पडलं. “या तिघी तर सुना ना? वेगवेगळ्या घरांतून आलेल्या?”

त्या वेगवेगळ्या घरांतून आलेल्या नव्हत्या. आमच्यात मामाची मुलगी करायची चाल. पणजीने आपली भाची सून म्हणून आणली, ती आजी. आजीने आपली भाची आणली, ती आई. घर एकच, रक्त एकच. बाहेरची मुलगी कशाला, आपल्या माहितीतली बरी, म्हणून प्रत्येकीने आपल्याच माहेराहून पुढची आणली. जे होतं ते ओटीत बांधून आणल्यासारखं आणलं.

मुलीने पेन उचललं. तिने नुसती रेघा जोडून तीन वर्तुळं काळी केली. चौथं माझं, तेही काळं. माझ्या वर्तुळाखाली एक रेघ ओढून तिने लहान कोरं वर्तुळ काढलं आणि विचारलं, “मुलीचं नाव?”

“नंदिनी,” मी म्हणाले. “अठ्ठावीस.”

*

रक्ताचा अहवाल चार आठवड्यांनी आला. बीआरसीए-वन नावाच्या जनुकात बदल. हे जनुक पेशीतल्या मोडतोडीच्या दुरुस्तीचं काम पाहतं. माझ्याकडे त्याची एक प्रत जन्मापासून बिघडलेली. गाठीत दुसरीही गेली होती.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे घेतली. “हे ऐकायला विचित्र वाटेल. या बदलामुळे तुम्हाला कॅन्सर झाला. पण याच बदलामुळे गाठीलाही स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. केमोचा घाव तिला जास्त लागतो.”

“म्हणजे चांगलं की वाईट?” प्रमोद.

“औषधाच्या दृष्टीने बरं.”

“परत येईल का?”

“हे जे मी सांगतेय ते बहुतेक तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या बायकांवरून कळलेलं आहे. पहिल्या टप्प्यात इतक्या कमी जणी सापडतात, की त्यांचं नेमकं काय होतं हे छातीठोक सांगण्याइतकी माहितीच नाही.”

एवढी यंत्रं, एवढी अक्षरं, सव्वीस पानांचा अहवाल, आणि शेवटी ‘माहीत नाही’. खरं सांगते, मला त्या बाईंबद्दल त्याच वेळी विश्वास वाटला. त्याआधी आठवडाभर आमच्या घरी एक रत्नवाला, एक निसर्गोपचारवाला आणि प्रमोदच्या बहिणीचा नवरा येऊन गेले होते. तिघांनाही सगळं माहीत होतं.

माझ्या भविष्याचा प्रश्न मी त्या दिवसापासून बाजूला ठेवला. शूर होते म्हणून नव्हे. त्याहून मोठी भीती दुसऱ्या खुर्चीवर बसली होती. नंदिनी. अपत्याकडे हे जाण्याची शक्यता निम्मी. नाणं फेकण्याइतकी. आणि ते नाणं अठ्ठावीस वर्षांपूर्वीच पडलेलं; वर काय आलंय एवढंच पाहायचं होतं.

*

केमोबद्दल लोक विचारतात म्हणून थोडक्यात. तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यासारखी चव. पायांच्या बोटांना मुंग्या, अजून आहेत. केस सोळाव्या दिवशी उशीवर. दहीभात खाऊ शकले तो दिवस चांगला. पहिल्या फटक्यात शीर सापडणारी एक नर्स होती. तिची पाळी आहे का, हे मी फोन करून विचारायची. लोक देवळात नवस बोलतात, मी तिच्या रजेच्या तारखा पाठ केल्या होत्या.

घरात ताण होता तो अण्णामुळे. तो रविवारी यायचा, बायको पेरू चिरून द्यायची तो डबा ठेवायचा आणि तोच विषय काढायचा.

“नंदिनीची तपासणी आत्ता नको. लग्न होऊ दे आधी.”

“आणि मग काय? नवऱ्याला सरप्राइज?” नंदिनी. ती ऑफिसात तमिळ, मित्रांत इंग्रजी आणि भांडताना मराठी बोलते.

“कागदावर आलं की कागद बोलतो, कण्णा. मुलाकडचे विचारतात.” समजूत घालताना अण्णा तिला तमिळ लाडाचं ‘कण्णा’ म्हणतो.

“मामा, तुमच्या कागदावर अकरा पिढ्या आहेत, त्या काही बोलल्या का?”

“हे आपल्या घराण्यातलं नव्हे,” अण्णा माझ्याकडे वळून म्हणाला. “बायकांकडून आलेलं आहे.”

“आपण दोघं कुणाकडून आलो, अण्णा?” मी विचारलं. “तुझंही रक्त द्यायला सांगितलंय. पुरुषाकडेही असतं, आणि तो मुलीला देतो. तुझी मुलगी आहे बंगळूरला.”

त्याने पेरूचा रिकामा डबा पिशवीत घातला आणि गेला. त्या वेळी मला त्याचा संताप आला. नंतर लक्षात आलं, आई गेली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, आणि दवाखान्यात तिच्यापाशी तोच होता. ‘आपल्या बायका भाग्यवान’ या वाक्याला धरून तो तिथून घरी आला असणार. ते वाक्य मी त्याच्या हातातून काढून घेत होते.

मी नंदिनीला कधी ‘कर’ म्हटलं नाही, ‘नको’ही नाही. मला दोन्ही जमलं नाही. चौथ्या केमोनंतर एका शनिवारी ती माझ्यासमोर बसून लसूण सोलत होती. मान खालीच.

“आई, मी मागच्या महिन्यात दिलं ब्लड.”

“बरं.”

“काल रिपोर्ट आला.”

तिने आणखी दोन पाकळ्या सोलल्या.

“आहे,” ती म्हणाली.

पंख्याचा आवाज होता. खाली शेअर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मला जे बोलायला हवं होतं ते अजूनही सुचलेलं नाही. मी म्हणाले, “सॉरी.” आईने मुलीला म्हणायचा हा काय शब्द आहे!

“तू काय मुद्दाम पॅक करून दिलंस?” तिचा आवाज फुटला. मग नाक पुसून म्हणाली, “डॉक्टर म्हणाल्या, आत्तापासून ब्रेस्टचा स्कॅन दरवर्षी. आणि पस्तीस-चाळिशीच्या दरम्यान ओव्हरीज काढायच्या. मुलं हवी असतील तर त्याआधी. म्हणजे डेडलाइन आली. प्रोजेक्टला असते तशी.”

“तुझं कुठलं प्रोजेक्ट वेळेवर झालंय?” प्रमोद स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला होता, कळलं नाही.

आम्ही तिघं हसलो. फार वेळ नाही. त्यानंतर तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, लसणाच्या हातांसकट. तिच्या केसांना आठवडाभर वास होता. बंगळूरच्या भाचीला मी दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. अण्णा दीड-दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

*

बोलला तो नवमीमुळे. माझं शेवटचं सलाईन होऊन तीन आठवडे झाले होते. दरवर्षी जेवायला येणारी शेजारची सवाष्ण मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेलेली. ओळखीच्या बाकीच्या नोकरीवर, सुट्टी नाही. अण्णाने फोन केला.

“सरोजा, तू बसशील का?”

“मी? माहेरवाशीण चालते?”

“विचारलं भटजींना. नवरा हयात असला की झालं.”

मी गेले. डोक्यावर टेनिसच्या चेंडूइतकी लव, तिच्यावर सुती रुमाल. केळीच्या पानावर वडे, खीर, कढी. तिघींच्या नावांनी संकल्प झाला. मी त्यांच्या नावाने जेवायला बसले. तिघींचं जनुक घेऊन, तिघींच्या वयापेक्षा मोठी होऊन. वहिनी गजरा घेऊन माझ्यामागे आली आणि तशीच उभी राहिली. गजरा माळायला केस नव्हते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी रुमालाची गाठ पुढे केली, तिने तिथे खोचला.

मग नंदिनी नमस्काराला वाकली. अण्णाने सवयीने हात वर केला, “अखंड सौभाग्यवती...” आणि तिथेच अडकला. हा आशीर्वाद मुलीला देतात तेव्हा त्याचा अर्थ कोणी करून पाहत नाही. नवऱ्याच्या आधी जा, असा तो अर्थ. अण्णाने केला असावा. त्याचा हात तसाच राहिला. दुसरा आशीर्वाद त्याला येत नव्हता.

नंदिनी उठली आणि सरळ मागच्या खोलीत गेली. त्या दिवशी तिथे कोणी नमस्काराला जात नाही. आत्या भिंतीला टेकून बसली होती. आजीची मुलगी, पणजीची नात. निम्म्या शक्यतेत सुटलेली, म्हणून शहाऐंशी वर्षं आणि ‘बिचारी’.

“मला नको करू पाप्पा, आज नको,” ती पाय आखडून म्हणाली. पाप्पा म्हणजे तमिळमध्ये बाळ; नंदिनीला ती अजून तेच म्हणते.

नंदिनी वाकलेलीच राहिली.

आत्याने आमच्याकडे, दाराकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. “माझ्यासारखी हो,” ती म्हणाली. “दात जावोत, कान जावोत. माझ्यासारखी म्हातारी हो.”

विधवेने हे सवाष्णींच्या घरात, त्या दिवशी, लग्नाच्या मुलीला म्हणायचं नसतं. अण्णा चौकटीकडे पाहत उभा होता. मग तोही आत गेला आणि आत्याच्या पाया पडला. त्याने अजून रक्त दिलेलं नाही. पुढच्या आठवड्यात देतो म्हणालाय.

माझी पहिली तपासणी तीन महिन्यांनी आहे. ज्यांच्या घरात बायकांची नावं चौकटीत नाहीत, त्यांनी मागच्या खोलीत जाऊन विचारावं, एवढंच सुचवते.

नवमीच्याच आठवड्यात प्रमोदच्या कारखान्यात वार्षिक आरोग्य तपासणी झाली. साखर, रक्तदाब, हृदय. नवरा ठणठणीत आहे.